‘वेटिंग’वरचे मध्यवर्ती शहर : नागपूरच्या तरुणांच्या स्वतंत्र प्रवासाची पार्श्वभूमी

उन्हाळी परीक्षा आटोपल्या की नागपुरातल्या महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर दरवर्षी एकच विषय निघतो : घरच्यांशिवाय, टूर कंपनीशिवाय, खिशात असतील तेवढ्या पैशांत कुठे जाता येईल? त्यावर मिळणारा सल्ला बहुतांशी मुंबई-पुण्यात तयार झालेला असतो. शुक्रवारी रात्री निघावे, शनिवारी गड चढावा आणि रविवारी रात्री घरी परतावे, अशी त्याची ठरलेली चौकट असते. नागपूरहून मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर आहे. दिल्ली, चेन्नई आणि हावडा ही तिन्ही स्थानके प्रत्येकी सुमारे १,१०० किलोमीटरवर आहेत. सह्याद्री गाठण्यातच शनिवार उजाडून मावळायला लागतो. त्यामुळे इथल्या तरुण प्रवाशाची गोष्ट पाठीवरच्या पिशवीपासून सुरू होत नाही. ती तिकिटापासून सुरू होते, आणि आजही बरीचशी तिथेच अडते.

मुंबईकडून रेल्वे १८६७ मध्ये नागपुरात पोहोचली आणि स्थानकाची सध्याची इमारत १९२५ मध्ये सुरू झाली. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण हे लोहमार्ग या शहरात एकमेकांना छेदतात, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती आणि ब्रिटिश काळात मध्य प्रांताचा कारभार उन्हाळ्यात पचमढीहून चाले, ही बाब प्रवासाच्या चर्चेत सहसा येत नाही. नागपूरकरांचे पाय आजही महाबळेश्वरपेक्षा पचमढीकडे सहज वळतात, त्यामागे अंतराइतकाच हा जुना घरोबा आहे.

खरे तर स्वतंत्र प्रवासाची इथली सर्वांत जुनी शाळा म्हणजे सातपुड्यातली यात्रा. नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत विदर्भातून हजारो लोक नागद्वारला जातात आणि महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. पावसात निसरड्या वाटा, स्वतःचा शिधा, मिळेल तिथे मुक्काम, आणि सोबतीला गावातली चार पोरे. आजच्या ट्रेकिंगच्या जाहिरातीत जे म्हणून विकले जाते, ते सगळे त्यात होते. फक्त त्याचे कोणी पैसे घेत नव्हते. नागद्वारची वाट आता व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येते आणि यात्रेचे मोजके दिवस सोडता ती बंद असते. पुढे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला मे महिन्यात तरुणांची श्रमशिबिरे भरू लागली. घरचा उंबरठा एकट्याने ओलांडण्याची परवानगी पहिल्यांदा तिथे जाण्यासाठीच मिळाली, असे सांगणारे, आता केस पिकलेले, अनेक जण या शहरात भेटतात. याच कालखंडात इतवारीहून छिंदवाड्याकडे जाणारी अडीच फुटी नॅरोगेज गाडी ही विद्यार्थ्यांची सर्वांत स्वस्त सहल होती. गेज बदलण्यासाठी तो मार्ग २०१५च्या अखेरीस बंद झाला, आणि नागपूर-नागभीडची छोटी गाडीही २०१९ मध्ये थांबली. रुंद मार्गावर गाड्या अधिक वेगाने धावतील हे खरे. पण खिडकीत बसून सातपुडा इतक्या सावकाश पाहण्याची सोय गेली, ती गेलीच.

या सगळ्याहून तरुण प्रवाशाच्या वाट्याला आज अधिक येतो तो ‘वेटिंग’ हा शब्द. तो एकवचनी वाटतो, पण तसा नाही. लांब पल्ल्याची गाडी जिथून सुटते त्या स्थानकावरून किंवा त्याच्या जवळपासच्या स्थानकांवरून शेवटच्या टोकाकडे जाणाऱ्यांसाठी सर्वसाधारण कोटा असतो आणि त्याच्या प्रतीक्षा यादीला जीएनडब्ल्यूएल म्हणतात. मधल्या मोठ्या स्थानकांसाठी थोड्या जागांचा वेगळा कोटा राखलेला असतो. त्याची यादी आरएलडब्ल्यूएल. मधल्याच एका स्थानकावरून मधल्याच दुसऱ्या स्थानकापर्यंत जाणाऱ्यांसाठी अनेक स्थानके मिळून एक सामाईक कोटा असतो. त्याची यादी पीक्यूडब्ल्यूएल. तत्काळची प्रतीक्षा यादी आणखी निराळी. यांपैकी पहिली यादी सर्वांत वेगाने पुढे सरकते, कारण जागा जास्त म्हणून रद्द होणारी तिकिटेही जास्त. बाकीच्या याद्यांमध्ये त्याच छोट्या कोट्यातल्या कोणी तिकीट रद्द केले तरच हालचाल होते. म्हणजे सुटण्याच्या स्थानकावर तिसावा क्रमांक मिळालेला मुलगा निर्धास्त झोपू शकतो, आणि मधल्या स्थानकावर आठव्या क्रमांकावरची मुलगी आरक्षण तक्ता लागेपर्यंत बॅग भरावी की नाही या विचारात असते.

नागपूरला याची झळ विशेष लागते. मुंबई-पुण्याकडे इथून सुटणाऱ्या गाड्या आहेत. परंतु दिल्ली, चेन्नई आणि हावड्याच्या दिशेने जाणाऱ्या बहुतेक गाड्या दुसरीकडे भरून इथे येतात. देशाच्या मध्यभागी असल्याचा जो अभिमान झिरो माइलच्या खांबापाशी व्यक्त होतो, त्याची किंमत आरक्षणाच्या खिडकीवर मोजावी लागते. म्हणूनच जाणते प्रवासी कोटा चांगला असलेल्या मागच्या स्थानकापासून तिकीट काढतात आणि चढण्याचे स्थानक नागपूर ठेवतात. भाडे त्या जादा अंतराचेही पडते, आणि एकदा चढण्याचे स्थानक बदलले की मूळ स्थानकावरून चढण्याचा हक्क उरत नाही. हा उपाय नियमबाह्य नाही. मात्र मध्यवर्ती शहरातल्या विद्यार्थ्याने न केलेल्या प्रवासाचे पैसे भरून जागा मिळवावी, यात काहीतरी चुकते आहे असे म्हणणे वावगे ठरू नये.

याच संदर्भात आगाऊ आरक्षणाच्या मुदतीचा वाद समजून घ्यावा लागतो. ही मुदत मे २०१३ मध्ये १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, एप्रिल २०१५ मध्ये पुन्हा १२० झाली आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून परत ६० वर आणण्यात आली. चार महिने आधी काढलेली तिकिटे मोठ्या प्रमाणात रद्द होतात आणि अनेक प्रवासी तिकीट असूनही येत नाहीत, हे त्यामागचे अधिकृत कारण. कुटुंबाच्या सहली आखणाऱ्यांनी आणि पर्यटन व्यावसायिकांनी नाराजी व्यक्त केली. त्यांची अडचण खोटी नाही, परंतु विद्यापीठाचे वेळापत्रक चार महिने आधी कोणत्या विद्यार्थ्याला कळते? ज्याच्या हाती सुटीच्या तारखा उशिरा येतात, त्याच्यासाठी १२० दिवसांची मुदत म्हणजे इतरांनी जागा आधीच घेऊन ठेवण्याची सोय होती. त्या दृष्टीने हा निर्णय तरुणांच्या बाजूचा मानायला हवा, जरी तो त्यांच्यासाठी घेतला गेला नसला तरी. जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी आली आणि तक्ता गाडी सुटण्याच्या चार तासांऐवजी आठ तास आधी लावण्याचा निर्णय झाला. वेटिंगवाल्याला निदान दुसरी बस धरायला वेळ मिळू लागला.

खंडित प्रवासाचा नियम त्या मानाने विस्मरणात गेला आहे. ५०० किलोमीटरहून लांबच्या तिकिटावर एकदा आणि १,००० किलोमीटरहून लांबच्या तिकिटावर दोनदा मध्ये उतरता येते. प्रत्येक ठिकाणी, येण्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून, दोन दिवस राहता येते. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना हा नियम लागू नाही, आणि पहिला थांबा ५०० किलोमीटरनंतरच घ्यावा लागतो. नागपूर-दिल्ली तिकिटावर झाशी, ग्वाल्हेर किंवा आग्रा यांपैकी दोन शहरे अशी पाहता येतात. सांची आणि भीमबेटकासाठी उतरावे लागते ते भोपाळ मात्र ३९० किलोमीटरच्या आतबाहेर असल्याने नियमातून निसटते. एका लांब तिकिटाचे भाडे तुकड्यातुकड्यांच्या भाड्याहून कमी पडते, म्हणून पूर्वीचे विद्यार्थी हा नियम तोंडपाठ ठेवत. तिकीट मोबाइलवर आल्यापासून खिडकीवर जाऊन ही आखणी करून घेण्याची सवयच मोडली.

रस्त्याच्या बाजूने झालेले बदल अलीकडचे आहेत. १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या एसटी बसमध्ये महिलांना निम्मे भाडे लागते. चिखलदरा, रामटेक, मार्कंडा अशा ठिकाणी मुलींचे गट स्वतःहून निघण्यामागे या सवलतीचा वाटा कोणत्याही प्रेरणादायी भाषणापेक्षा मोठा आहे. याउलट, नागपूरहून निघणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा गाजावाजा कितीही झाला, तरी त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. आणि या शहरातल्या तरुणाकडे असते ती दुचाकीच. ताडोब्याचेही तसेच. तिथली जिप्सी सहा जणांच्या हिशेबाने घ्यावी लागते, त्यामुळे एकट्या विद्यार्थ्याला प्रवेशद्वारावर सोबती शोधत उभे राहावे लागते.

‘सोलो’ हा शब्दही या प्रवासात बराच गुंतला आहे. आज शहरात जी ‘सोलो ट्रिप’ विकली जाते, तिच्यात वीस अनोळखी लोक एका बसने जातात, एक जण पुढे झेंडा धरतो आणि जेवणाची वेळही तोच ठरवतो. तिला सहल म्हटले असते तर कोणाचीच हरकत नव्हती. खरोखर एकट्याने निघालेल्याला वेगळीच भिंत आडवी येते. तीर्थक्षेत्रांच्या गावी अनेक धर्मशाळांत आणि भक्तनिवासांत एकट्या व्यक्तीला खोली न देण्याचा नियम असतो. खोलीत कोणी जिवाचे बरेवाईट करून घेईल ही भीती त्यामागे सांगितली जाते. कमी पैशांत राहण्याची सर्वांत मोठी जुनी व्यवस्था अशा रीतीने नेमकी या प्रवाशालाच बंद होते. रेल्वे स्थानकावरची विश्रामकक्षाची खोली किंवा सामाईक निवासातली खाट त्याला तेवढी उघडी राहते, कारण तिथे कन्फर्म तिकीट आणि ओळखपत्र असले की एकट्याला का आलास असे कोणी विचारत नाही; आणि त्यासाठीही आधी ते तिकीट कन्फर्म व्हावे लागते.