मोटर ट्रिप मारते तेव्हा: एमसीबी आणि ओव्हरलोड रिलेची माहिती

(आमच्याकडून पंपाचं पॅनेल घेतलेल्या ग्राहकांसाठी. हा कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.)

मिरज, तासगाव, पलूस भागातून आमच्या दुकानात सगळ्यात जास्त येणारी मागणी म्हणजे, "पॅनेल सारखं ट्रिप मारतंय, जरा मोठी एमसीबी टाकून द्या." (एमसीबी म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडून लाईन तोडणारा खटका.) मोटर आणि वायर तीच असेल तर मोठी एमसीबी आम्ही टाकून देत नाही.

पूर्वी किटकॅट फ्यूजमधली तार जळायची आणि नवी बांधेपर्यंत माणूस थोडा विचार करायचा. एमसीबीचा खटका एका बोटाने वर होतो, म्हणून कारण न बघता तो वर करत राहायची सवय लागली आहे. एकदा पडला तर थोडं थांबून वर करा. लगेच पुन्हा पडला तर हात लावू नका, वायरमनला बोलवा. खटका दाबून धरूनही उपयोग नाही, आतला संपर्क तरीही सुटतो.

एमसीबीवर काय लिहिलंय?

'सी १६' यातले १६ म्हणजे अँपिअर. सी हा प्रकार आहे. बी प्रकार आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला क्षणात पडतो, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. ५ एचपीची थ्री फेज मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, पण थेट स्टार्टरवर उठताना सहा-सात पट ओढते, म्हणजे ४५ ते ५० अँपिअर. तिथे घरच्या बोर्डातली बी १० लावली तर मोटर चांगली असूनही पडणार.

१६ ची एमसीबी बरोबर १६ ला पडते असंही नाही. आयएस/आयईसी ६०८९८ या मानकाप्रमाणे १.१३ पट करंटला ती तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलीच पाहिजे. म्हणजे १८ अँपिअरवर ती निवांत उभी राहील आणि साधारण २३ वर तासाभरात पडेल. तोवरची गरमी वायर सोसते. म्हणून एमसीबी वायरच्या जाडीवर ठरते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरवर ३२ ची एमसीबी लावली, तर एमसीबी पडायच्या आत वायर जाईल.

चौकटीत ६००० किंवा १०००० छापलेलं असतं. शॉर्ट झाल्यावर एवढ्या अँपिअरपर्यंतचा करंट ती सुरक्षित तोडू शकते. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जवळ असेल तर १०००० चीच घ्या.

हे आकडे ३० अंश तापमानाला धरलेले असतात. एप्रिल-मेमध्ये बांधावरची पत्र्याची पेटी आतून किती तापते ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा एमसीबी लवकर पडते. पेटीवर सावली करा, आकडा वाढवू नका.

ओव्हरलोड रिले: मोटर वाचवतो तो हाच

शॉर्ट सर्किट एमसीबी सांभाळते. पण मोटरवर थोडा-थोडा जादा भार आला, व्होल्टेज उतरलं, गाळाने पंप जड झाला किंवा एक फेज गेला, तर वाइंडिंग वाचवणं रिलेचं काम. त्याची गोल चकती मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या करंटवर ठेवायची. प्लेटवर ७.५ असेल तर ७.५. रात्रीच्या लाईटला कोण उठून जाणार म्हणून चकती १० वर फिरवलेली आम्ही कितीदा बघतो, आणि पुढच्या हंगामात तीच मोटर रिवाइंडिंगला आलेली असते.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणारा) रिले बहुधा वाइंडिंगच्या वायरीत असतो. तिथे प्लेटच्या करंटला ०.५८ ने गुणायचं. १५ अँपिअरच्या मोटरला ८.७ येतात. इथे १५ ठेवले तर रिले असून नसल्यासारखा.

चालत्या मोटरचा एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजवर करंट साधारण पावणेदोन पट होतो. सेटिंग बरोबर असेल तर रिले तोडतो. कंडेन्सर टाकून दोन फेजवर मोटर चालवत असाल तर आमच्या पॅनेलची हमी लागू नाही.

ट्रिपनंतर रिलेतली पट्टी थंड व्हायला काही मिनिटं लागतात, त्याआधी रिसेट बसत नाही. रिसेटचा खटका 'ऑटो'वर ठेवू नका. पॅनेलला ऑटो स्विच असेल तर रिले थंड होताच मोटर आपोआप सुरू होईल, आणि तेव्हा कोणाचा तरी हात पंपाच्या कपलिंगवर असेल.

आणखी काही

सौर पंपाच्या सोलर पॅनेलमधून येणारा करंट डीसी असतो. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा एमसीबी तुटताना आत उडणारी ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही. तिथे साधी एमसीबी लावली तर तीच पेटू शकते. डीसीची वेगळी एमसीबी मिळते. काहींवर अधिक-उणे खुणा असतात, त्या उलट जोडू नका.

एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. माणसाचा जीव घ्यायला लागणारा करंट तिच्या दृष्टीने काहीच नसतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) वेगळी बसवा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या अनेकांनी एमसीबी धुऊन, वाळवून पुन्हा लावल्या. आत बसलेला गाळ बाहेरून दिसत नाही. बुडालेली एमसीबी आणि रिले टाकूनच द्या.

बॅटरीच्या फवारणी पंपाच्या बोर्डवर एखादी पिवळी चकती असते. जादा करंटने ती तापते आणि करंट अडवते. स्विच बंद करून गार होऊ दिली की पुन्हा चालू. तिच्या जागी तार जोडू नका.

तक्रार घेऊन येताना मोटरच्या प्लेटचा आणि रिलेच्या चकतीचा फोटो आणा. एमसीबी पडली की रिले, मोटर उठताना की तासाभराने, तेही बघून ठेवा.