मारव्यात षड्जाची वाट पाहताना

पेटीवर पांढरी एकचा षड्ज, म्हणजे सा, धरला की भूप रागाचे पाचही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात: सा, रे, ग, प, ध. आता बाकी काही न बदलता गांधाराची, म्हणजे ग ची, पट्टी सोडा आणि तिच्याऐवजी काळी दोन, म्हणजे कोमल गांधार, वाजवा. भूपाचा शिवरंजनी झाला. चार स्वर तेच राहिले, तरी प्रसन्नपणा गेला आणि सुरावट व्याकूळ झाली. गाणं न शिकलेल्यालाही हा फरक जाणवतो.

असं का होतं, याचा एक धागा आपल्या बोलण्यात सापडतो. खिन्न माणूस बोलतो तेव्हा आवाज खाली येतो आणि त्याचे चढउतार कमी होतात. आनंदात तोच आवाज मोठ्या उड्या घेतो. २०१२ मध्ये काही संशोधकांनी कर्नाटक आणि पाश्चात्त्य संगीताची, त्याचबरोबर तमिळ आणि इंग्रजी बोलण्याची तुलना केली. दोन्हीकडे आनंदी संगीतात स्वरांमधली अंतरं मोठी निघाली, दुःखी संगीतात लहान, आणि बोलण्याचा कलही तसाच होता. कोमल गांधार शुद्ध गांधारापेक्षा षड्जाच्या जवळ असतो, हे इथे आठवावं.

दुसरा धागा भौतिकशास्त्राचा. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा मानला तर पंचम ३६० चा येतो. प्रत्येक स्वरात त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर मिसळलेले असतात. षड्जाचा तिप्पट ७२०, पंचमाचा दुप्पटही ७२०, म्हणून हे दोघे एकमेकांत सहज मिळून जातात. कोमल रिषभ मात्र २५६ च्या आसपास पडतो. तो षड्जासोबत वाजला की आवाज सेकंदाला सुमारे १६ वेळा कमीजास्त होतो आणि कानाला खरखर जाणवते.

पण एवढ्यावर समाधान मानता येत नाही, कारण आपल्याकडे भूप आणि देशकार आहेत. दोघांचे स्वर अगदी सारखे. भूप संध्याकाळचा, त्याचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गांधार. देशकार सकाळचा, धैवतावर उभा राहणारा आणि वरच्या सप्तकातल्या षड्जाकडे झेपावणारा. नुसत्या स्वरांमध्येच भाव साठवलेला असता, तर या दोन रागांत फरक वाटलाच नसता. माझ्या मते भाव ठरतो तो पुढच्या स्वराबद्दलच्या अपेक्षेतून. लेनर्ड मायर या अमेरिकी संगीतशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये हाच विचार मांडला होता: सुरावट आपल्या मनात अपेक्षा जागी करते, ती पुरवते, लांबवते किंवा मोडते, आणि त्यातून भावना उमटते.

हे पडताळायला मारव्याइतका चांगला राग नाही. पंचम वर्ज्य, त्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार निषादात किंवा धैवतात लावतात. उरलेल्या तारा षड्ज ऐकवत राहतात. गायक मात्र त्याच षड्जाला टाळतो. ‘नी रे ग’ म्हणत तो षड्ज ओलांडतो, कोमल रिषभावर थांबतो, परत ‘नी ध’ करत खाली उतरतो. घर समोर दिसतंय आणि आत जाता येत नाही, अशी ऐकणाऱ्याची अवस्था होते. मघाची ती खरखर इथे तानपुऱ्याच्या संगतीने सतत चालू असते. बऱ्याच वेळाने गळा षड्जावर टेकतो आणि बैठकीत आपोआप ‘वा!’ उमटते. पूरिया आणि सोहनी यांचे स्वरही हेच. पूरिया गांधार-निषादाच्या आधाराने खालच्या सप्तकात रमतो, सोहनी वरच्या सप्तकात चमकते, आणि ही बेचैनी बदलून जाते.

त्या ‘वा!’च्या क्षणी मेंदूत काय घडतं, हे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये पाहिलं. ज्या संगीताने अंगावर काटा येतो असं संगीत श्रोत्यांनी स्वतः निवडून आणलं होतं. ते ऐकताना त्यांच्या मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवत होतं, भूक भागल्यावर स्रवतं तेच. विशेष म्हणजे उत्कट क्षण येण्याआधी, तो जवळ येतोय या चाहुलीच्या काळात मेंदूचा एक भाग अधिक सक्रिय होता आणि प्रत्यक्ष क्षणी दुसरा. वाट पाहण्यालाही मेंदूत स्वतःची जागा आहे! पुढे २०१९ मध्ये २७ जणांवर झालेल्या प्रयोगात डोपामिन वाढवणाऱ्या औषधाने संगीताचा आनंद वाढला आणि ते अडवणाऱ्या औषधाने घटला.

अपेक्षा शिकावी लागते, आणि ती आपण लहानपणापासूनच्या ऐकण्यातून शिकतो. मग ज्यांनी राग कधी ऐकलेच नाहीत त्यांचं काय? १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या श्रोत्यांना हिंदुस्थानी राग ऐकवले. आनंद, दुःख आणि क्रोध या भावना त्यांना ओळखता आल्या. लय आणि सुरावटीचा साधेपणा-गुंतागुंत यांनी त्यांना वाट दाखवली. शांत रस मात्र त्यांच्या हाती नीट लागला नाही. मला हा निकाल फार बोलका वाटतो. द्रुत लयीतला उल्हास परक्यालाही भिडतो. विलंबित आलापातली शांतता कानाला सवयीनेच उमगते.

काही थोडी माणसं अशीही असतात, की ज्यांची श्रवणशक्ती उत्तम, सूर ओळखण्यात चूक नाही, पैसे जिंकल्यावर आनंदही होतो, पण संगीताने त्यांना काहीच होत नाही. बार्सिलोनातल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला. धून दुःखी आहे हे ती अचूक सांगतात, फक्त ते दुःख त्यांच्यापर्यंत पोचत नाही. संगीत ऐकताना त्यांच्या मेंदूतल्या ऐकण्याच्या केंद्राचा आनंदाच्या केंद्राशी होणारा संवाद क्षीण आढळला आहे.