टपाल तिकिटांचा संग्रह (कोकण)

वापरलेली व कोरी टपाल तिकिटे, तसेच पाकिटे, पोस्टकार्डे आणि त्यांवरील शिक्के जमवणे, ओळखणे व जतन करणे हा छंद. येथे कोकण म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची किनारपट्टी. किनारा सलग असल्याने गोव्याच्या टपालाचा विचारही ओघाने येतो. या भागात छंदाला वेगळे वळण मिळाले ते दोन कारणांनी. मुंबईहून आणि समुद्रापलीकडून येणाऱ्या पत्रांमुळे खेड्यातल्या घरातही तिकिटांचा साठा होत गेला. आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांतील दमट हवेमुळे तो टिकवणे हेच जमवण्यापेक्षा मोठे काम होऊन बसले.

‘टपाल’ हा शब्द मराठीत पूर्ण रुळला असला, तरी त्याची व्युत्पत्ती निश्चित नाही. उत्तर हिंदुस्थानात ‘डाक’ आणि दक्षिणेत व पश्चिमेकडे ‘टपाल’ ही विभागणी एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कोशकारांच्याही ध्यानात आली होती. भाषांचे अभ्यासक असलेले इंग्रज अधिकारी जॉन बीम्स यांनी शब्द आर्य कुळातला मानला. ‘टप्पा’ म्हणजे ठसा मारण्याची जागा आणि ‘टपाल’ म्हणजे टप्पा + आलय, शिक्के मारण्याचे घर, अशी त्यांची फोड होती. दाबणे, ठोकणे या अर्थाच्या क्रियापदांशी त्यांनी तिचे नाते जोडले. तेलुगूचे अभ्यासक चार्ल्स फिलिप ब्राऊन यांनी मुक्काम किंवा मजल या अर्थाच्या फ्रेंच ‘एताप’ शब्दाकडे बोट दाखवले. तेलुगू लेखनिक ‘टप्पालु’ हे अनेकवचन समजून त्यापासून ‘टप्पा’ असे एकवचन करीत, हेही त्यांनी नोंदवले. बीम्स यांची फोड तिकिटे जमवणाऱ्याला साहजिकच आवडते. परंतु मराठीत ‘टप्पा’ म्हटल्यावर ठसा डोळ्यांपुढे येत नाही, मजल येते. एका हरकाऱ्याने पिशवी आणायची, दुसऱ्याने ती पुढे न्यायची, हे घाट उतरून किनाऱ्याला येणाऱ्या जुन्या टपालाचे स्वरूपही त्याच अर्थाशी जुळते. म्हणून मजल हा अर्थ धरणारा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. त्यासाठी फ्रेंच उगम मानण्याची मात्र गरज नाही. या छंदाचे इंग्रजी नाव ‘फिलाटेली’. तो शब्द फ्रेंच संग्राहक जॉर्ज अर्पँ यांनी १८६४ मध्ये ग्रीक घटकांपासून बनवला. ‘आवड’ आणि ‘करमुक्तता’ असे ते घटक आहेत. तिकीट लावलेले पत्र घेणाऱ्याला पैसे मोजावे लागत नाहीत, हा त्यामागचा विचार. मराठीत ‘मुद्रांकसंग्रह’ हा प्रतिशब्द पुस्तकी राहिला, शिवाय ‘मुद्रांक’ म्हटले की कोर्टाचा कागद आठवतो. बोलण्यात ‘तिकिटं जमवणं’ हेच चालते.

जगातील पहिले चिकटवायचे टपाल तिकीट इंग्लंडमध्ये मे १८४० मध्ये वापरात आले. आशियातील पहिले तिकीट सिंध प्रांताचे, ‘सिंध डाक’. आयुक्त बार्टल फ्रियर यांच्या पुढाकाराने ते १ जुलै १८५२ रोजी निघाले, किंमत अर्धा आणा. लाखेसारख्या लाल पापुद्र्यावर उठावाने उमटवलेले पहिले तिकीट ठिसूळ असल्याने तडकत असे. पुढे पांढरे व निळे कागदी तिकीट आले. १ ऑक्टोबर १८५४ पासून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक तिकीटव्यवस्था सुरू झाली आणि मुंबई इलाख्यातील कोकण तिच्यात आले. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा पडू लागला. ही पहिली तिकिटे कलकत्त्याला मुख्यतः शिळाछापाने छापली गेली व त्यांना छिद्रे नव्हती, कात्रीने कापून घ्यावी लागत. पुढची छपाई लंडनला गेली आणि १९२६ पासून नाशिकच्या छापखान्यात तिकिटे छापली जाऊ लागली.

कोकणातील सावंतवाडी, जंजिरा व जव्हार या संस्थानांनी स्वतःची टपाल तिकिटे काढली नाहीत. त्यांची महसुली व कोर्ट-फीची तिकिटे संग्राहकांकडे आढळतात आणि अनेकदा टपाल तिकिटे समजून विकली जातात. भोर संस्थानाने मात्र १८७९ मध्ये हातठशाची अर्ध्या व एक आण्याची तिकिटे काढली, तर १९०१ मध्ये संस्थानाचे अधिपती पंतसचिव शंकरराव यांचे चित्र असलेले अर्ध्या आण्याचे तिकीट काढले. भोर देशावरचे, पण पालीसह सुधागड तालुका त्या संस्थानात होता. त्यामुळे भोरच्या तिकिटांना कोकणच्या संग्रहात जागा देणे योग्य ठरते. गोव्यातील पोर्तुगीज अमलाची पहिली तिकिटे १८७१ ची. साचे स्थानिक कारागिरांनी कोरलेले, कागद कधी जाड व मऊ, कधी पातळ, पारदर्शक आणि बोट लागताच तुटणारा, कडेच्या छिद्रांची घनताही निरनिराळी. या मालिकेतील भेद लावण्यात जाणकारांची हयात जाते. नकलाही भरपूर असल्याने कागद व छिद्रे मोजल्याशिवाय त्यांवर विश्वास ठेवू नये.

कोकणातल्या घरांत तिकिटे आली ती मुख्यतः चाकरमान्यांच्या पत्रांतून. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आणि पुढच्याच वर्षी टपाल खात्याची मनिऑर्डर सुरू झाली. गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरीवर घर चालणे आणि पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसणे या किनाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १९५० मध्ये अंतर्देशीय पत्र आले. कार्ड व अंतर्देशीय यांवर तिकीट छापलेलेच असते. मुले ते कापून वहीत चिकटवीत आणि उरलेले पत्र चुलीत जाई. ही हानी मोठी आहे. दुसरा ओघ परदेशचा. रत्नागिरी व रायगडच्या किनाऱ्यावरील, विशेषतः कोकणी मुस्लिम, कुटुंबांतील माणसे आखातात आणि आफ्रिकेत गेली. कुवेतमध्ये १९२३ पासून व बहरीनमध्ये १९३३ पासून भारतीय तिकिटांवरच त्या त्या देशाचे नाव छापून ती वापरली जात. ही व्यवस्था १९४८ पर्यंत टिकली. अशी पत्रे एखाद्या जुन्या पेटीत अजून निघू शकतात. १९६० नंतरच्या दशकात अजमान, फुजैरा यांसारख्या अमिरातींच्या नावाने संग्राहकांसाठीच काढलेली चकचकीत रंगीत तिकिटे मुलांच्या वहीत असत. त्यांना बाजारात फारशी किंमत नाही, पण छंदाची गोडी अनेकांना त्यांनीच लावली.

कोकणाशी नाते सांगणारी भारतीय तिकिटे थोडी पण मोलाची आहेत. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे १९५६ चे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे १८ एप्रिल १९५८ चे, जे त्यांच्या हयातीत, शंभराव्या वाढदिवशी निघाले. कोकण रेल्वेचे १९९८ चे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराची आठवण देणारे १९९९ चे.

शिक्क्याचा अभ्यास हा या प्रदेशातील संग्रहाचा खरा गाभा मानावा. तिकीट साऱ्या देशात एकच असते, गाव शिक्क्यात असते. जुन्या रोमन लेखनात वेंगुर्ल्याचे ‘विंगोर्ला’ होते, तर बाणकोटासाठी पत्त्यात ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ येऊ शकते. मुरुड दोन आहेत, एक जंजिऱ्याजवळचे, दुसरे दापोली तालुक्यातले. जिल्ह्याचे नाव पुसट असेल, तर मजकुरावरून वा मार्गातील दुसऱ्या शिक्क्यावरूनच निर्णय करता येतो. शिक्क्यात ‘कुलाबा’ असेल तर सामान्यतः तो १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड होण्याआधीचा. सिंधुदुर्ग जिल्हाही त्याच वर्षीचा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा, त्यामुळे ४१५६१२ हा रत्नागिरीचा क्रमांक असलेले पत्र त्यापूर्वीचे असू शकत नाही. म्हणून गावाचा शिक्का स्पष्ट असलेले तिकीट पाकिटावरून सोडवू नये, पाकीट अखंड ठेवावे.

साधे, सुटे तिकीट सोडवायचे असल्यास भोवती कागद ठेवून कापावे आणि ताटात कोमट पाणी घेऊन, छापील बाजू वर ठेवून तरंगत सोडावे. दहा-पंधरा मिनिटांत डिंक सुटला की तिकीट आपसूक घसरते, ओढू नये. लाल-हिरव्या पाकिटांवरची तिकिटे वेगळ्या ताटात, कारण पाकिटाचा रंग उतरतो. हातठशाची संस्थानी तिकिटे पाण्यात घालूच नयेत. काहींची शाई पाण्यात विरघळते. ओले तिकीट टिपकागदावर पालथे ठेवून, वरून जड पुस्तक ठेवून वाळवावे. हाताळणी नेहमी चपट्या टोकाच्या चिमट्याने करावी. बोटाचा घाम व तेल लगेच दिसत नाही, वर्षभराने डाग होऊन उमटते.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि चिऱ्याच्या भिंती ओल धरतात. हवेतील आर्द्रता सुमारे ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरू लागते. संग्रहाला पन्नासच्या आसपासची आर्द्रता मानवते. पहिली खूण तिकिटाच्या दातऱ्यांवर दिसते, कारण तिथे कागदाचे तंतू उघडे असतात. भिंगातून पाहिल्यास टोकांवर चहाच्या रंगाचे बारीक ठिपके दिसतात, मग ते आत सरकतात. हे डाग रसायनाने फिके होतात, पण कागद दुबळा होतो. डागाळलेले तिकीट वेगळे काढावे, शेजारच्यांना बाधा होते. कोऱ्या तिकिटाचा डिंक हवेतले पाणी ओढतो आणि तिकीट पानाला बसते. त्यामुळे उष्ण प्रदेशातील जुने संग्राहक कधीकधी डिंक मुद्दाम धुऊन टाकीत. बाजारभाव यामुळे उतरतो; तरी डिंक नसलेले निरोगी तिकीट डिंकासह सडलेल्या तिकिटापेक्षा बरे, हे मत ग्राह्य वाटते. चिकटलेले तिकीट सोडवण्यासाठी झाकणाच्या डब्यात तळाशी ओला स्पंज, वर जाळी व जाळीवर तिकीट ठेवतात. वाफारा बसून काही तासांत डिंक मऊ होतो. दर अर्ध्या तासाने पाहावे.

स्टॉकबुके, म्हणजे तिकिटे पट्ट्यांत खोचून ठेवायच्या वह्या, एकावर एक न रचता उभी ठेवावीत आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत. पानांसाठी व पाकिटांसाठी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरावे. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीतून निघणारे द्रव्य शाई खराब करते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. मीठ पाणी सोडते, म्हणून ते ठेवू नये. कसर, झुरळे व वाळवी यांना डिंक व कागद दोन्ही आवडतात. पोथ्यांच्या दप्तरात वेखंड ठेवण्याची जुनी रीत उपयोगी आहे, मात्र कांडी कपड्यात बांधून, कागदाला न टेकवता ठेवावी. डांबराच्या गोळ्यांची वाफ प्लॅस्टिकवर बसते, त्या टाळाव्यात. दसऱ्यानंतर घरात गाद्या-पुस्तकांना ऊन दाखवतात, तसे तिकिटांना दाखवू नये, रंग उडतो. कोरड्या दुपारी, सावलीत, वाऱ्याच्या जागी स्टॉकबुक उभे ठेवून पाने पंख्यासारखी मोकळी करावीत. बुरशी दिसल्यास आधी वाळू द्यावी, मग घराबाहेर, नाक झाकून, मऊ ब्रशने झटकावी. ओल्या फडक्याने पुसल्यास ती तंतूंत शिरते.

नवी तिकिटे मुख्य टपाल कार्यालयांच्या फिलाटेली खिडकीवर किंवा टपाल खात्यात आगाऊ रक्कम भरायचे फिलाटेली ठेव खाते उघडून मिळवता येतात. २०१७ पासून सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी टपाल विभागाची ‘दीनदयाळ स्पर्श’ ही शिष्यवृत्ती योजना आहे. निवड झालेल्याला वर्षाला ६,००० रुपये मिळतात. जुन्या कोकणी पत्रांसाठी मात्र गावच्या घराचा माळा हेच पहिले ठिकाण. तिथली पत्र्याची पेटी पावसाळ्यात उघडू नये. नोव्हेंबर उजाडल्यावर उघडावी, आणि गठ्ठ्याची दोरी सोडण्याआधी पत्रांचा क्रम लिहून घ्यावा.