सापांच्या रॅकमधली हवा आणि पाण्याचा हिशेब

परदेशी साप पाळणारे हौशी लोक बहुधा रॅक घरीच बनवून घेतात. कोल्हापुरात उद्यमनगरात अँगल कापून, वेल्डिंग करून सांगाडा सहज मिळतो, त्यावर प्लायवुडच्या फळ्या बसतात आणि फळ्यांच्या मधे प्लास्टिकचे ट्रे सरकतात. ट्रेला वेगळे झाकण नसते, वरची फळी हेच त्याचे झाकण. मागच्या बाजूला थर्मोस्टॅटला जोडलेली हीट टेप, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी असते. इथे एक खुलासा आवश्यक आहे: नाग, घोणस, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात समाविष्ट असलेल्या परदेशी जातींची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली आहे. म्हणून पुढचे विवेचन रीतसर नोंदवलेल्या, मूळच्या पश्चिम आफ्रिकेतल्या बॉल पायथन या अजगराला धरून केले आहे.

या सापाला साधारण ५० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाच्या हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला वाटा) मानवते आणि कात टाकण्याच्या दिवसांत त्याहून थोडी जास्त लागते. हवा कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरचा पारदर्शक खवला चिकटून राहतो. उलट तळ सतत ओला राहिला तर पोटाकडच्या खवल्यांना जंतुसंसर्ग होतो आणि श्वसनमार्गाचे विकार बळावतात. सापाला श्वासपटल (डायफ्रॅम) नसल्यामुळे साचलेला कफ खोकून बाहेर टाकणे त्याला जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे हे विकार चिवट ठरतात. वायुवीजनाचा संबंध अनेक जण प्राणवायूशी जोडतात, पण तो येथे दुय्यम आहे, कारण सापाचा चयापचय तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने फारच मंद असतो. ट्रेमधून बाहेर जायला हवी ती मुख्यतः जादा वाफ, आणि ओल्या विष्ठेवर जंतूंनी काम सुरू केल्यावर सुटणारा अमोनिया.

आता मुख्य हिशेब. हवा जितकी उष्ण, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते: १५ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १२.८ ग्रॅम, २३ अंशांना २०.६ ग्रॅम आणि ३१ अंशांना सुमारे ३२ ग्रॅम. समजा, जुलैत खोलीतली हवा २३ अंशांवर असून आर्द्रता ९० टक्के आहे. तीच हवा ट्रेमध्ये ३१ अंशांपर्यंत तापली की पाण्याचा एक थेंबही कमी न होता तिची सापेक्ष आर्द्रता ५८ टक्क्यांवर येते, म्हणजे सापाला हवी तेवढीच. जानेवारीच्या पहाटे १५ अंश आणि ८० टक्के असलेली हवा मात्र ३१ अंशांना अवघी ३२ टक्के उरते. एप्रिलमधल्या दुपारची ३६ अंश, २५ टक्के आर्द्रतेची हवा त्याच तापमानावर आणली तर आकडा पुन्हा ३२ टक्केच येतो. थंडीतली दवाने भिजलेली पहाट आणि उन्हाळ्यातली भाजणारी दुपार या दोन्ही वेळी हवेत पाणी सारखेच असते, हे त्वचेला जाणवत नाही, पण सापाच्या कातीला जाणवते.

ट्रे ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि १५ उंच धरला तर त्यात ३६ लिटर हवा मावते, आणि ३१ अंशांना ती हवा संपृक्त, म्हणजे वाफेने पूर्ण भरलेली, करायला जेमतेम सव्वा ग्रॅम पाणी पुरते. स्प्रे बाटलीने पाणी मारल्यावर आर्द्रता मोजणारा मीटर (हायग्रोमीटर) लगेच ९० दाखवतो तो यामुळेच. मात्र ट्रेमधली हवा तासाला पाच वेळा बदलत असेल, तर जानेवारीत ५५ टक्के टिकवण्यासाठी दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. हवा तासाला एकदाच बदलत असेल तर साडेसहा ग्रॅम पुरतात. थोडक्यात, आर्द्रतेचा आकडा किती पाणी ओतले यावर कमी आणि हवा किती वेगाने निसटते यावर जास्त ठरतो. माझ्या मते स्प्रेचा उपयोग मर्यादितच आहे: वाफ निघून जाते आणि ओला तळ मागे राहतो.

मग हवा निसटते कुठून? बनवणारा सोल्डरिंग आयर्नने पाडलेली भोके मोजतो. सहा मिलिमीटर व्यासाची २४ भोके मिळून जेमतेम सात चौरस सेंटिमीटर होतात. त्याच ट्रेचा काठ आणि वरची फळी यांच्यात चहूबाजूंनी दोन मिलिमीटर फट राहिली, तर ती एकटीच ४० चौरस सेंटिमीटर भरते. त्यामुळे आधी फट मोजावी आणि मग भोकांचा विचार करावा. प्लायवुड पावसाळ्यात फुगते आणि वजनाने मधोमध वाकते, त्यामुळे ही फट वर्षभर सारखी राहत नाही. मरीन प्लाय (ओलीत टिकणारे प्लायवुड) आणि मधला आधार यांवर खर्च करणे मला म्हणूनच योग्य वाटते. भोके पाडायचीच असतील तर लहान, अनेक आणि एकमेकांपासून दूर पाडावीत. ब्राउन आणि एस्कोम्ब यांनी १९०० साली पानांच्या रंध्रांचा विचार करताना दाखवले होते की पातळ पडद्यातल्या छोट्या छिद्रातून होणारे वायूचे विसरण (आपोआप पसरणे) क्षेत्रफळापेक्षा व्यासाच्या प्रमाणात चालते. दोन मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकला हा नियम लावला, तर वरची २४ भोके तेवढ्याच क्षेत्रफळाच्या एका मोठ्या भोकापेक्षा तीन ते चार पट वाफ बाहेर सोडतात. भोकांच्या कडा आतून घासून गुळगुळीत कराव्यात, नाहीतर सापाचे नाक सोलवटते.

ट्रेच्या पुढच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले की लोक घाबरून भोके वाढवतात. ३१ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे वाफेचे थेंब होऊ लागतात ते तापमान, पावणेपंचवीस अंशांच्या आसपास असतो, आणि पावसाळी खोलीला लागून असलेले पुढचे प्लास्टिक त्याहून गार असते. थेंब म्हणजे ती भिंत गार आहे, एवढाच पुरावा. वीज जाऊन हीट टेप बंद पडते तेव्हा संपूर्ण ट्रे असा घामेजतो. अशा वेळी ट्रेच्या तळाशी पसरलेला नारळाच्या काथ्याचा थर उपयोगी पडतो, कारण पावसाळ्यात गुळाची ढेप ओल ओढते तसा तोही दमट हवेतली वाफ शोषतो आणि हवा कोरडी पडली की परत देतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दोन टोकांना मात्र एकच रॅक चालणार नाही. पश्चिमेच्या गगनबावड्यात पाऊस ५,००० मिलिमीटरच्या घरात जातो, तर पूर्वेला शिरोळकडे तो त्याच्या जवळपास दशांशावर येतो. पश्चिमेकडे फट मोकळी ठेवून पाण्याचे भांडे गार टोकाला सरकवावे, पूर्वेकडे उन्हाळ्यात काही भोके चिकटपट्टीने बंद करून भांडे उबेकडे आणावे. एवढे बदल करण्याआधी मीटर खरे बोलतो का ते तपासावे, कारण स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर अनेकदा पाच ते दहा टक्क्यांनी चुकतात. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे, ते मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. त्या डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर जितका कमी-जास्त दाखवेल तो फरक त्याच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवावा.