इस्त्री (घरगुती)

धुतलेल्या कापडाच्या सुरकुत्या उष्णता, ओलावा व दाब यांनी घालवण्याची क्रिया. तसेच त्यासाठीचे साधन. प्रस्तुत नोंदीत घरी केलेल्या इस्त्रीचा आणि तिच्यातून लाभणाऱ्या समाधानाचा विचार केला आहे.

‘इस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘एस्तिरार’ (ताणणे, पसरणे) या क्रियापदावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. यावर एक आक्षेप संभवतो : खुद्द पोर्तुगीजमध्ये इस्त्री करण्याला ‘पासार आ फेर्रू’ (लोखंड फिरवणे) किंवा ‘एंगोमार’ (मूळ अर्थ खळ देणे) म्हणतात. दुसरे मत संस्कृत ‘स्तृ’ (पसरणे) या धातूकडे बोट दाखवते. ‘आस्तरण’, ‘विस्तार’ हे शब्द त्याचेच. अर्थ जुळतो, पण धातूपासून या नामापर्यंतच्या मधल्या पायऱ्या जुळवणे कठीण जाते. उलट ‘काज’ आणि ‘फीत’ हे कपड्यांशी निगडित शब्दही पोर्तुगीजमधूनच आलेले असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. ‘स्त्री’ शब्दाशी असलेले साम्य केवळ ध्वनीचे आहे.

चीनमध्ये निखारे भरलेली धातूची पात्रे हान राजवंशाच्या काळापासून (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून) वापरात असल्याचे दिसते. हेन्री सीली यांना विजेच्या इस्त्रीचे अमेरिकी पेटंट 1882 मध्ये मिळाले. आपल्याकडे कोळशाच्या जड इस्त्रीबरोबरच तांब्यात निखारे घालून तो कपड्यावरून फिरवणे, किंवा घडी गादीखाली दाबून ठेवणे, हे घरगुती उपाय होते.

सुती धाग्यातील सेल्युलोजच्या रेणूसाखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी व उष्णता यांनी हे बंध सुटतात, दाबाने साखळ्या सपाट स्थितीत येतात आणि कापड सुकताना बंध तेथेच नव्याने जुळतात. म्हणून सुती कापड किंचित दमट असतानाच इस्त्रीला घ्यावे, आणि गरम कापडाची घडी लगेच घालू नये. घाईत नवी चुणी पडते व तीच टिकते. खळ दिली असल्यास ताठपणा वाढतो.

इस्त्रीतले समाधान मुख्यतः या बदलाच्या प्रत्यक्ष दिसण्यात आहे : हाताखालून चुरगळलेला भाग जातो आणि मागे गुळगुळीत, उबदार पट्टा उरतो. शर्टात कॉलर, कफ, बाह्या असा क्रम सांभाळावा लागतो, तिथे आनंद कौशल्याचा असतो. चादरी, उशांचे अभ्रे, हातरुमाल अशा चौकोनी कापडांत तो अधिक निर्भेळ असतो, कारण काठाला काठ जुळला की काम पुरे झाल्याचे हातालाच कळते. एका रात्रीत चुरगळणाऱ्या चादरीला इस्त्री कशाला, असे विचारले जाते. पण दारातली रांगोळीही संध्याकाळपर्यंत पुसटते आणि सकाळी पुन्हा काढली जाते. मराठीने या तृप्तीसाठी ‘परीटघडी’ हा नेमका शब्द राखला आहे. परीटघडी मोडणे म्हणजे असा कपडा पहिल्यांदा उलगडून अंगावर घालणे. हा शब्द मूळ कारागिराचे श्रेय जपतो; घरी करणाऱ्याचा मापदंडही त्याचीच घडी असते.

जरीच्या रेशमी साडीवर पातळ मलमल टाकून कमी उष्णतेवर इस्त्री करतात. अशी साडी फार काळ एकाच घडीवर राहिल्यास तिथे विरते, म्हणून मधूनमधून ती उलगडून घडीची जागा बदलतात.