वनौषधींतले जड धातू: चुकून आलेले आणि मुद्दाम घातलेले

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतल्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापून आला. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. पाचात एक, हा आकडा गाजला. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. पाऱ्याचं सर्वाधिक प्रमाण निघालं एका ग्रॅममागे १,०४,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त. माती दूषित असो की कुटायचं यंत्र झिजलेलं असो, झाडपाल्यात इतका पारा त्या वाटेनं येत नाही. तो कुणीतरी घातलेला असतो.

घालण्याची परंपरा जुनी आहे. चरक-सुश्रुतांचा भर वनस्पतींवर. पुढे मध्ययुगात रसशास्त्र, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधं करण्याची विद्या, बहरलं आणि पारा, गंधक, हरताळ (आर्सेनिकचं खनिज), शिसं औषधांत स्थिरावलं. आधी शोधन (धातू शुद्ध करणं), मग मारण (त्याची राख, म्हणजे भस्म करणं), त्यासाठी गोवऱ्यांच्या आगीत पुटांवर पुटं, म्हणजे पुन्हा पुन्हा भाजणं. भस्म तयार झालं का, हे बघायच्या कसोट्याही सुरेख आहेत. चिमटीत चोळलं की ते बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे (रेखापूर्ण), स्थिर पाण्यावर टाकलं की तरंगलं पाहिजे (वारितर), आणि मध, तूप, गूळ, गुंज, टाकणखार यांच्यासोबत तापवूनही मूळ धातू परत दिसता कामा नये (अपुनर्भव). पण यातून कळतं ते भस्म किती बारीक झालं आणि धातूचं रूप पालटलं की नाही, एवढंच. नागभस्मात, म्हणजे शिशाच्या भस्मात, चकाकणारं शिसं दिसत नाही, म्हणून शिसं नाहीसं झालेलं नसतं.

चिनी परंपरेतही हिंगूळ (पाऱ्याचं खनिज) आणि मनशीळ (आर्सेनिकचं खनिज) औषधात पडतात. कॅलिफोर्नियात तपासलेल्या २६० आशियाई औषधांचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्यातल्या ३५ मध्ये पारा होता.

भारतीय कायद्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. १९४० च्या औषध कायद्याखालच्या नियमांत ‘ई(१)’ नावाची विषारी द्रव्यांची यादी आहे. त्यात बचनाग, धोतरा यांच्या पंक्तीला पारद आणि हरताळ बसलेत. असं द्रव्य असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावी लागते. इशारा एवढाच.

बोस्टनच्या गाजावाजानंतर सरकार हललं. १ जानेवारी २००६ पासून निव्वळ वनस्पतिजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची झाली, पण निर्यातीच्या मालासाठी. मर्यादा ठरल्या: शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. रसशास्त्रातल्या औषधांना, म्हणजे रसौषधींना, हे माप लावणं शक्यच नव्हतं; धातू हाच तिथला घटक.

२००८ मध्ये बोस्टनचा अभ्यास करणाऱ्या गटानंच इंटरनेटवरून घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली. रसौषधींपैकी ४०.६ टक्क्यांत धातू निघाले, यात नवल नाही. ज्यांच्यात धातू घालायचाच नसतो, त्यांपैकीही १७.१ टक्क्यांत ते निघाले.