रुळांखालची वाट: फ्रान्समधल्या वाहनमुक्त सायकलमार्गांची पार्श्वभूमी

बर्गंडीतल्या जिव्री गावातून निघून सायकलने क्लुनीपर्यंत जाता येतं. अंतर 44 किलोमीटर. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, कुरणं, मधूनच एखादं मध्ययुगातल्या रोमनेस्क शैलीचं चर्च. टेकड्या सतत दिसतात, पण पायांना त्यांचा फारसा त्रास होत नाही. गावरस्ते ओलांडण्याच्या जागा सोडल्या तर मोटारीशी गाठही पडत नाही. हा सपाटपणा निसर्गाने दिलेला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे, म्हणून टेकड्या कापून, खोलगट जागी भराव घालून ही पट्टी तयार केली गेली. सायकलवाल्याला आज जे आयतं मिळतं ते खरं तर आगगाडीसाठी केलेलं काम आहे.

फ्रेंच खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या बहुतेक वाहनमुक्त मार्गांची कहाणी अशीच आहे. ते सायकलींसाठी बांधलेले नाहीत. कुठे बंद पडलेला लोहमार्ग, कुठे कालव्याकाठची घोड्यांची वाट, कुठे पूर अडवायला घातलेला बांध. ज्या कामासाठी ही जमीन घेतली ते काम संपलं, जमीन मात्र सलग राहिली.

यातली एक जुनी पट्टी दक्षिणेत आहे. मिठाच्या कराची वसुली करणाऱ्या पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने चौदाव्या लुईच्या दरबारात एक योजना मांडली: अटलांटिकला मिळणाऱ्या गारोन नदीवरच्या तुलूजपासून भूमध्य समुद्राच्या बाजूपर्यंत कालवा काढायचा, म्हणजे जहाजांना स्पेनला वळसा घालायला नको. 1666 मध्ये राजाज्ञा निघाली. खरा प्रश्न खोदाईचा नव्हता, पाण्याचा होता. दोन समुद्रांकडे उतरणाऱ्या पाण्याचा माथा जिथे आहे, त्या नोरूझच्या खिंडीत बारमाही पाणी आणायचं कुठून? रिकेने मोंतान्य न्वारच्या डोंगरातले ओढे वळवले आणि सँ-फेरेओलचं धरण बांधलं. कामावर हजारो मजूर होते, त्यांत बायकाही होत्या. रिकेने स्वतःचा पैसाही यात ओतला. 1680 मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी कालवा वाहता झाला. लांबी 240 किलोमीटर.

हा 'कनाल द्यू मिदी'. त्याच्या काठाने बोट ओढणाऱ्या घोड्यांसाठी वाट ठेवावी लागे. फ्रेंचमध्ये तिला 'शमँ द अलाज' म्हणतात, म्हणजे ओढण्याची वाट. घोड्याच्या सोयीने आखलेली असल्याने ती पाण्याला बिलगून जाते आणि चढते ती फक्त लॉकपाशी, पाणी अडवून बोट वर-खाली करणाऱ्या दरवाज्यांजवळ. बेझिएजवळच्या फोंसेरानला असे दरवाजे एकाखाली एक जिन्यासारखे उतरत जातात. तिथून थोडं पश्चिमेला मालपासची टेकडी आहे. ठिसूळ खडकामुळे काम थांबवायची वेळ आली होती, तरी रिकेच्या माणसांनी बोगदा पाडलाच. कालव्यासाठी खोदलेल्या बोगद्यांत तो जगातल्या पहिल्यांपैकी एक मानला जातो.

मग आगगाडी आली. बोर्दो ते सेत हा लोहमार्ग 1857 मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी सरकारने कालवा चालवायला दिला तो त्याच रेल्वे कंपनीला, चाळीस वर्षांच्या कराराने. दुधाची राखण मांजराकडे! कंपनीने कालव्यावरच्या मालवाहतुकीला उत्तेजन द्यावं असं तिला वाटण्याचं काही कारणच नव्हतं. शतकाअखेरीस सरकारने कालवा परत घेतला, पण तोवर धंदा रुळांवर गेला होता. पुढे बोटींना इंजिनं बसली, घोडे गेले आणि काठची वाट मोकळी झाली. उरलीसुरली मालवाहतूक 1980च्या दशकाच्या शेवटी थांबली. 1996 मध्ये कालवा युनेस्कोच्या यादीत गेला. आज तुलूजकडचे सुरुवातीचे सुमारे पन्नास किलोमीटर गुळगुळीत आहेत. पुढे मात्र चिनाराच्या जातीच्या प्लेन वृक्षांची मुळं आणि माती हाडं खिळखिळी करतात. हे वृक्षही आता कमी होत चालले आहेत. 2006 मध्ये त्यांच्यावर एका बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हापासून काठावरची हजारो झाडं तोडावी लागली. जुन्या छायाचित्रांतली हिरवी कमान पाहून जाणाऱ्याने एवढं आधीच माहीत करून घ्यावं.

ब्रिटनीतल्या नांत–ब्रेस्त कालव्यामागचं कारण वेगळं. नेपोलियनच्या काळात इंग्रज आरमार किनारा अडवून बसलं होतं. ब्रेस्तच्या नौदल तळाला रसद पोहोचवायला आतून जलमार्ग हवा होता. 364 किलोमीटरचा तो कालवा पुरता तयार होईपर्यंत नेपोलियनही नव्हता आणि नाकेबंदीही नव्हती. ग्लोमेलजवळची खोल चर तर कैद्यांना राबवून खोदून घेतली, 1823 ते 1832 अशी नऊ वर्षं. तिथल्या झाडीतून शांतपणे सायकल चालवताना ही गोष्ट माहीत असलेली बरी. 1920च्या दशकात गेर्लेदाँचं धरण सुरू झालं आणि कालव्याचे दोन तुकडे पडले. लॉक आणि ओढण्याची वाट जलाशयाखाली गेली. आता तिथे सायकलींना वळसा घालून जावं लागतं आणि त्या वळशाला उपयोगी पडतो एक बंद पडलेला लोहमार्ग.

आता लोहमार्गांकडे. त्यांच्या पसाऱ्यामागे एक नाव ठळक आहे, शार्ल द फ्रेसिने. प्रशियाकडून झालेल्या पराभवानंतर तिसरं प्रजासत्ताक पाय रोवत होतं. बांधकाममंत्री फ्रेसिनेने 1878-79 मध्ये जी योजना आणली तिचा सार असा की आगगाडी फक्त मोठ्या शहरांची मिरास नको, ती दूरच्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली पाहिजे. 1879 च्या कायद्याने 181 मार्ग ठरले, मिळून 8,000 किलोमीटरांहून जास्त. कालव्यांचीही मापं त्याच वर्षी ठरली. लॉक 39 मीटर लांब आणि 5.2 मीटर रुंद. हे माप आजही फ्रेसिनेच्याच नावाने ओळखलं जातं. आपल्या मतदारसंघात स्टेशन व्हावं ही प्रत्येक खासदाराची इच्छा, त्यामुळे जिथे प्रवासी कमी आणि गुरं जास्त अशा भागांतही रूळ पडले. यांखेरीज जिल्ह्याजिल्ह्यांनी टाकलेले अरुंद मार्ग निराळेच. त्यांवर धावणाऱ्या खडखडाट्या गाड्यांना लोक 'ताको' म्हणत, आपण जसं 'खटारा' म्हणतो तसं.

हा डोलारा पन्नास-साठ वर्षंही टिकला नाही. पहिल्या महायुद्धानंतर बस आली, ट्रक आला. 1930च्या दशकात रेल्वे कंपन्या तोट्यात बुडाल्या. 1 जानेवारी 1938 रोजी सगळ्या मोठ्या कंपन्या मिळून एसएनसीएफ ही राष्ट्रीय संस्था झाली आणि तिने लगोलग हजारो किलोमीटरांवरच्या प्रवासी गाड्या बंद करून बस लावल्या. युद्धानंतर घरोघरी मोटार आली तेव्हा दुसरी लाट. आधी प्रवासी गाडी जाई, मग मालगाडी, मग रूळ भंगारात. मागे राहायची ती खडी, पूल, स्टेशनची इमारत आणि काटेरी झुडपं.

इथे जमिनीचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि माझ्या मते तोच निर्णायक ठरला. 1804 च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेने सगळ्या मुलांना समान वाटा दिला. पिढ्यानपिढ्या वाटण्या होत फ्रेंच शेतं किती बारीक तुकड्यांत विभागली गेली हे द्राक्षमळ्यांच्या नकाशावर नजर टाकली तरी कळतं. अशा मुलखात आज कोणी सायकलींसाठी 40 किलोमीटरची नवी सलग पट्टी मागायला गेलं, तर भूसंपादनातच आयुष्य जाईल. रेल्वेने ते काम शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. सगळी पट्टी जणू एकाच सातबाऱ्यावर.

आणि मागणी? ती जुनीच होती. सँतेत्येनच्या पॉल द विवीने रेशमाचा धंदा सोडून सायकलींचं दुकान टाकलं आणि 1887 मध्ये मासिक काढलं. तो 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहायचा. शर्यतीसाठी नव्हे, मुलूख पाहण्यासाठी सायकल, हा त्याचा आग्रह. डोंगर चढायला गिअर हवेत हे तो इतरांच्या फार आधीपासून सांगत होता. स्वतः शाकाहारी होता, भूक लागण्याआधी खा आणि तहान लागण्याआधी पाणी प्या असं बजावायचा. दूरदूर एकटा भटकलेला हा माणूस 1930 मध्ये आपल्याच गावात ट्रामच्या धक्क्याने गेला. वाहनमुक्त वाटांचा विषय निघाला की मला हटकून ते आठवतं.

सरकार मात्र सायकलीकडे बराच काळ कराची वस्तू म्हणून पाहत होतं. 1893 पासून तिच्यावर वार्षिक कर होता आणि पुढे तो भरल्याचा धातूचा बिल्ला लावून फिरावं लागे. हा प्रकार 1950च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालला. 1936 मध्ये डाव्या पक्षांच्या लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. क्रीडा आणि विरंगुळ्याचं खातं सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज यांनी सवलतीचं रेल्वे तिकीट आणलं. त्या उन्हाळ्यात जोडसायकलीवर सामान बांधून समुद्राकडे निघालेल्या कामगार जोडप्यांची छायाचित्रं आजही फ्रान्समध्ये त्या वर्षाची खूण म्हणून छापली जातात. रस्ते रिकामे होते, वेगळ्या वाटेची गरजच नव्हती. ती गरज तीस वर्षांनी मोटारीने निर्माण केली.

सोन-ए-ल्वार जिल्ह्याने 1997 मध्ये जिव्री–क्लुनी मार्ग उघडला. देशातली पहिली 'व्हुआ व्हेर्त', म्हणजे हिरवी वाट, म्हणून याच मार्गाचं नाव घेतात. पुढच्या वर्षी राष्ट्रीय आराखडा आला आणि 2004 मध्ये वाहतूक संहितेत व्याख्याही: इंजिन नसलेली वाहनं, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेला मार्ग. ही व्याख्या लक्षात ठेवलेली बरी, कारण जाहिरातींत सगळंच मिसळतं. 'व्हेलोरूत' हा शब्द दिसला तर त्यात कमी वर्दळीचे साधे रस्तेही आले. राजवाड्यांसाठी प्रसिद्ध असलेला 'ल्वार आ व्हेलो' हा मार्ग बराचसा असाच आहे. काही भाग नदीच्या जुन्या पूरबांधांवरून, काही गावरस्त्यांवरून. मुलांना घेऊन जायचं असेल तर हा फरक किरकोळ नाही.

बोर्दोच्या पूर्वेला सोव्हतेरपर्यंत जाणाऱ्या जुन्या लोहमार्गाला रोजे लापेबीचं नाव दिलंय. 1937 मध्ये तुर द फ्राँसमध्ये गिअर बदलणाऱ्या डिरेलरला पहिल्यांदा परवानगी मिळाली आणि ती शर्यत लापेबीने जिंकली. व्हेलोसिओ आणखी सात वर्षं जगला असता तर खूश झाला असता.

या सगळ्याला विरोधही आहे आणि तो सायकलद्वेष्ट्यांचा नाही. रूळ उखडून डांबर टाकलं की ती गाडी कायमची गेली, असं रेल्वेप्रेमी आणि खेड्यांतले रहिवासी म्हणतात. मोटार नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला स्टेशनात उघडलेल्या कॅफेपेक्षा सकाळची गाडी जास्त उपयोगाची. मला हा मुद्दा पटतो. पण जिथे पूल पाडले गेले आणि पट्टीचे तुकडे विकले गेले, तिथे गाडीही गेली आणि वाटही. निदान सलग जमीन सरकारी मालकीत राखायला सायकलमार्गाचा उपयोग झाला.

क्लुनीत शिरताना समोर मठाचे उरलेले बुरूज दिसतात. 910 मध्ये स्थापन झालेल्या या मठाचं चर्च रोमचं नवं सेंट पीटर उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. राज्यक्रांतीनंतर ते दगडांची खाण म्हणून विकलं गेलं. वाटेतल्या सँ-जाँगू गावाच्या नावातला 'राजेशाही' हा शब्द जाऊन पुढे 'राष्ट्रीय' आला. क्लुनीच्या पुढे माकोंच्या दिशेने ब्वा क्लेरची टेकडी आडवी येते. तिथे जुन्या रेल्वेचा 1.6 किलोमीटरचा बोगदा आता सायकलींसाठी आहे. आत दिवे आहेत आणि उन्हाळ्यातही गारवा. टेकडीवरच्या खिंडीतून 1981 पासून पॅरिस–लियाँ तेजेव्हे (TGV) ही अतिवेगवान आगगाडी धावते आणि शेजारून मोठा महामार्ग. हिवाळा आला की बोगदा बंद होतो, कारण आत वटवाघळं झोपलेली असतात. त्या महिन्यांत सायकलवाल्याला खिंडीचा चढ चढूनच जावं लागतं.